टेबलाखालचा पाहुणा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या महिन्यात आम्ही विचारलं होतं, की कुत्र्याला घेऊन बाहेर खायला जाता तेव्हा नेमकं कुठे अडतं? पत्रं बहुतेक मुंबई, ठाणे आणि पुण्याची आली. पुन्हा पुन्हा दिसलेल्या अडचणी इथे घेतल्या आहेत.

आमचा लॅब्रॅडॉर ब्रूनो सात महिन्यांचा आहे. घरी ‘बस’ म्हटलं की लगेच बसतो. पण वांद्र्याच्या एका कॅफेत नेलं, तर दहा मिनिटांत टेबल हललं, कोल्ड कॉफी सांडली आणि आम्ही बिल देऊन निघालो. त्याला आणखी काय शिकवायला हवं? (वाचक, माहीम)

काहीही न करायला शिकवायला हवं. ‘बस’ ही अर्ध्या मिनिटाची आज्ञा झाली. कॅफेत पाऊण तास काढायचा असतो. ते वेगळं कौशल्य आहे आणि सतरंजीवर शिकवता येतं.

पिशवीत गुंडाळून मावेल अशी पातळ सतरंजी किंवा बाथमॅट घ्या. ती अंथरली आणि ब्रूनोने तिच्यावर पाय ठेवला, की खाऊचा दाणा सतरंजीवर ठेवा, हातातून भरवू नका. हातातून दिला की त्याची नजर तुमच्या हाताला चिकटते. सतरंजीवर ठेवला की नाक खाली जातं आणि नाकामागून अंगही. तो आपणहून आडवा झाला की एकामागोमाग चार-पाच दाणे ठेवा. मग दोन दाण्यांमधला वेळ वाढवत न्या : ५ सेकंद, १०, ३०, एक मिनिट. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढंच. घरात जमलं की जागा बदला. आधी गॅलरी, मग इमारतीखाली, मग बागेतला बाक. त्यानंतर चहाच्या टपरीपासून वीस पावलांवर बसा. सरावाला टपरीइतकी चांगली जागा नाही : ग्लासांचा आवाज, वड्यांचा वास, स्कूटर, येणारी-जाणारी माणसं, सगळं मिळतं, आणि कुत्रा बिथरला तर कटिंग अर्धवट टाकून निघता येतं.

कॅफे सगळ्यात शेवटी. शनिवार-रविवारी नाही, मधल्या वारी सकाळी अकराला किंवा दुपारी चारला. फक्त कॉफी मागवा आणि पंधरा-वीस मिनिटांत, तो शांत असतानाच उठा. पुष्कळजण कुत्रा भुंकायला लागला की निघतात. त्यातून तो ‘भुंकलं की घरी जायला मिळतं’ एवढंच शिकतो. येण्याआधी अर्धा-पाऊण तास मनसोक्त हुंगत फिरवा आणि शी-शू उरकून घ्या.

आता तुमच्या सांडलेल्या कॉफीबद्दल. पत्रात लिहिलेलं नाही, पण लीश (कुत्र्याला धरायची दोरी) बहुधा टेबलाच्या किंवा खुर्चीच्या पायाला अडकवली असावी. ती कधीही तशी बांधू नका. कॅफेच्या खुर्च्या हलक्या असतात. पंचवीस किलोचा कुत्रा कुणाला भेटायला उठला की खुर्ची सरकते आणि फरशीवर करकर वाजते. तो त्या आवाजाला घाबरून पळतो, आणि तो पळेल तशी खुर्ची मागून येते! लीश ४ ते ५ फुटांची, साधी असू द्या. तिचं कडं मांडीखाली दाबून ठेवा. उठून वळता येईल इतकी ढील द्या, पण वेटरच्या वाटेपर्यंत पोचेल इतकी नको. खटका दाबून लांब होणारी लीश तर घरीच ठेवा. तिची बारीक दोरी एखाद्याच्या पोटरीला गुंडाळली तर कातडं सोलून निघतं.

बसायला कोपरा निवडा, पाठीशी भिंत असलेला, स्वयंपाकघर आणि वॉशरूमच्या वाटेवर नसलेला. कुत्रा तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये असला की त्याच्या शेपटीवर कुणाचा पाय पडत नाही.

पाटीवर ‘पेट फ्रेंडली’ लिहिलेलं होतं, तरी आम्हाला फुटपाथलगतच्या एका टेबलावर बसवलं. आत बसण्याचा हक्क नाही का? (वाचक, कोथरूड)

नाही. उपाहारगृहात कुत्रा नेण्याचा हक्क कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. मालकाची मर्जी आणि अन्नसुरक्षेचे नियम, दोन्ही पाळावे लागतात. ‘पेट फ्रेंडली’ या दोन शब्दांना ठरलेला अर्थही नाही. एकाच साखळीच्या दोन शाखांत नियम वेगळे असतात, कारण एकीला अंगण असतं आणि दुसरी मॉलमध्ये असते. म्हणून फोन करून नेमकं विचारा : आत की फक्त बाहेर? बाहेर पंखा आणि छप्पर आहे का? मोठा कुत्रा चालतो का? (पुष्कळ ठिकाणी पाटी शित्झूसारखा छोटा कुत्रा डोळ्यांपुढे ठेवून लावलेली असते.) शनिवारी संध्याकाळी चालतो का? लसीचं पुस्तक दाखवावं लागतं का? उत्तर देणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. दारात नेमका दुसराच माणूस असतो.

लसीच्या पुस्तकातल्या ज्या पानावर रेबीजच्या लसीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का आहे, त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे लागतो, त्याचाही फोटो ठेवा.

मेनूतलं कुत्र्याला काय देता येतं? आणि चुकून ब्राउनी खाल्ली तर किती घाबरायचं? (वाचक, ठाणे पश्चिम)

घाबरण्याआधी गुणाकार-भागाकार करा. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, त्रास त्याचा होतो. ढोबळ हिशेब असा : दुधाच्या चॉकलेटच्या दर ग्रॅममध्ये सुमारे २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये सुमारे ५, कोको पावडरीत २०च्या आसपास. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४०-५०ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६०च्या पुढे झटके येऊ शकतात. समजा, ब्राउनीच्या तुकड्यात २० ग्रॅम डार्क चॉकलेट होतं, म्हणजे १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या बीगलला किलोमागे १० पडले, बहुधा पोट बिघडण्यावर निभावेल. तीन किलोच्या पोमेरेनियनला ३३ पडले, त्याने तडक दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसायला सहा-बारा तासही लागतात, त्यामुळे ‘अजून तर खेळतोय’ याला अर्थ नाही. डॉक्टर उलटी करवतात ती पहिल्या दोनेक तासांत जास्त उपयोगी पडते. घरी मिठाचं पाणी पाजू नका. त्या मिठानेच कुत्री दगावतात.

ब्राउनी ‘शुगर फ्री’ किंवा ‘कीटो’ असेल तर काउंटरवर एकच प्रश्न विचारा : यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का? दर किलोमागे ०.१ ग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला जेमतेम एक ग्रॅम, रक्तातली साखर धाडकन खाली आणतो, कधी अर्ध्या तासात. इथे हिशेब मांडत बसू नका, निघा. मनुका आणि द्राक्षांचंही तसंच. एखाद्याला काही होत नाही, दुसऱ्याची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि आधी ओळखता येत नाही.

आपल्याकडे त्याहून जास्त वेळा आड येतो तो कांदा. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी गेला तर लाल पेशी फुटू लागतात. दहा किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. शिजवल्याने, वाळवल्याने तो निरुपद्रवी होत नाही. लसूण त्याहून घातक, म्हणजे गार्लिक ब्रेडही नको. फिकट हिरड्या आणि लालसर-तपकिरी लघवी दोन-चार दिवसांनी दिसते, तोवर कॅफेतली ग्रेव्ही कुणाला आठवतही नाही. ‘प्लेन चिकन’ मागवलं तरी ते कांदा-लसणाच्या पाण्यात उकडलेलं असू शकतं. ‘साध्या पाण्यात उकडलेलं, मीठ नको, हाड नको’ असं पूर्ण वाक्य सांगा. शिजलेलं हाड अणकुचीदार फुटतं. साताय किंवा कबाबाची काडी तर हाडापेक्षा वाईट. तिला मांसाचा वास असतो आणि कुत्रा ती न चावता गिळतो. काड्या मोजून प्लेटमध्ये ठेवा.

निर्धास्त द्यावं असं : सांबार-चटणीशिवाय अर्धी इडली, उकडलेलं अंडं, साधा भात, काकडीचे काप. ‘पपुचिनो’ म्हणजे छोट्या कपात फेटलेली क्रीम. मोठ्या कुत्र्याला चमचाभर चालेल. लहान कुत्र्याला अख्खा कप देऊ नका, एवढ्या स्निग्धाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हे सगळं त्याच्याच भांड्यात, टेबलाखाली. तुमच्या प्लेटमधून चाटवलेलं शेजारच्या टेबलाला रुचत नाही, आणि ते बरोबरच आहे. पाण्याचं भांडंही आपलंच न्या. कॅफेच्या सामायिक भांड्यातून केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, पसरतो.

मे महिन्यात पग जातीच्या कुत्र्याला गच्चीवरच्या कॅफेत न्यावं का? (वाचक, बोरिवली)

सूर्य मावळून तासभर झाल्याशिवाय नको, आणि त्यानंतरही पंखा असेल तरच. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवरची ओल वाळवतो आणि गार होतो. मुंबईच्या दमट हवेत ती ओल वाळतच नाही. पग, शित्झू, बुलडॉग यांचं नाक चपटं, वाट अरुंद, म्हणजे दुहेरी अडचण. पारा ३२वर आहे म्हणून पुणेकराने मुंबईत गाफील राहू नये.

फरशीवर हाताची मागची बाजू टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर ती फरशी त्याच्या तळव्यांनाही नको. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ ही जिवावरची वेळ. त्याआधीच धाप थांबेनाशी होते, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ चिकट तारेसारखी होते, हिरड्या विटेसारख्या लाल होतात. तसं दिसलं की बिलाची वाट पाहू नका. सावलीत नेऊन पोट, जांघा, छाती, मान यांवर नळाचं साधं पाणी ओता आणि मेनूकार्डाने का होईना, वारा घाला. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. तोंडात पाणी ओतू नका. जरा सावरला तरी डॉक्टरांना दाखवाच.

पावसाळ्यात काय वेगळं? (वाचक, दादर)

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीतले जंतू तुंबलेल्या पाण्यात असतात. कुत्रा ते पाणी चाटतो किंवा त्याच्या पायाच्या भेगेतून ते आत शिरतात. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते आणि पहिल्या वर्षी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे तयारी मे महिन्यातच. कॅफेच्या दारात पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांत पुसा. त्यासाठी एक जुना टॉवेल पिशवीत असू द्या.

रिक्षावाले थांबत नाहीत. आणि कॅफेबाहेरची गल्लीतली कुत्री आमच्या कुत्र्याला घेरतात. (वाचक, वर्सोवा)

कुत्र्याला आधी आडोशाला उभं करून रिक्षा थांबवणं ही चलाखी झाली, त्यातून भांडण ठरलेलं. कुत्रा दिसू द्या आणि ‘दादा, चादर आहे, खाली पायापाशीच बसेल’ असं आधी सांगा. चादर खरोखर अंथरा. केस झटकायला पुढच्या गिऱ्हाइकाची वेळ येऊ देऊ नका.

गल्लीतल्या कुत्र्यांचं म्हणणं सोपं आहे : ही आमची हद्द. कानाला खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. त्या वेळी रेबीजची लसही देतात, पण ती दरवर्षी परत मिळाली असेल असं धरू नका. आपल्या कुत्र्याला उचलून घेऊ नका, बाकीची उड्या मारतात. लीश ताणूही नका. ताणलेली लीश म्हणजे त्याच्या लेखी ‘काहीतरी घडणार’ असा इशारा. रस्ता ओलांडा, वळसा घालून चला, पळू नका. मूठभर बिस्किटं त्यांच्या पलीकडे फेकणं चालतं, पण कॅफेच्या दारात नको, नाहीतर पुढच्या वेळी ती तिथेच वाट बघत बसतील.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने थोपटायला हात घातला आणि आमच्या कुत्र्याने दात लावले. किंचित रक्त आलं. त्याची लस झालेली आहे. (वाचक, औंध)

लस झालेली असो-नसो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली सलग १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. हळद, चुना, तिखट काही नको, घट्ट पट्टीही नको. रक्त आलं म्हणजे डॉक्टरकडे त्याच दिवशी. रेबीजच्या लसीचे दंडातले डोस ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी असतात. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. तुमच्या कुत्र्याचं पुस्तक डॉक्टरांना दाखवा, पण लस घ्यायची की नाही ते त्यांनीच ठरवायचं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा आणि त्या कुटुंबाला तुमचा नंबर देऊन या. पाळीव प्राण्यापासून इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दोन कुत्री जुंपली तर मध्ये हात घालू नका, खुर्ची किंवा मोठा ट्रे घाला. नंतर केस बाजूला करून अंग तपासा. दाताचं छिद्र बाहेरून तीळभर दिसतं आणि आत कातडं सुटून पोकळी झालेली असते, तीच पुढे पिकते.

आमचा ठाण्यात छोटा कॅफे आहे. कुत्र्यांना परवानगी द्यायची आहे. काय सोय करावी? (कॅफेचालक)

आधी अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याशी बोला. अन्नसुरक्षा परवान्याच्या स्वच्छतेच्या अटी, म्हणजे अनुसूची ४, प्राण्यांना अन्नाच्या जागेपासून दूर ठेवायला सांगते. म्हणून कुत्र्यांची बैठक बाहेर, शक्यतो वेगळ्या वाटेने, आणि ती वाट काउंटरला लागू नये.

टेबलांतलं अंतर मोजून ठरवा. दोन कुत्र्यांच्या लीश चार-चार फुटांच्या, म्हणजे त्यांची नाकं भिडायला आठ फूट पुरतात. दहा फूट सोडा. जागा नसेल तर मध्ये जड कुंड्यांची रांग लावा, नजरानजर तुटली की निम्मी भांडणं होत नाहीत. भिंतीत पक्के हुक बसवा, म्हणजे लोक खुर्च्यांना बांधणार नाहीत. कुत्र्यांची स्टीलची भांडी, ती धुवायची जागा, पोछा आणि बादली, सगळं वेगळं. लाड करणाऱ्या वेटरने साबणाने हात धुतल्याशिवाय प्लेट उचलायची नाही.

नर कुत्रा टेबलाच्या पायावर तंगडी वर करणारच. आधी कागदाने टिपा, मग एन्झाइमचं क्लीनर टाकून दहा मिनिटं थांबा. नुसत्या फिनेलने माणसाचं नाक फसतं, कुत्र्याचं नाही, आणि पुढचा कुत्रा नेमका तिथेच सही करतो. लघवीवर थेट ब्लीच ओतू नका, डोळे-घसा जाळणारा वायू निघतो. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गासाठी ब्लीच लागतंच, पण धुतलेल्या फरशीवर : ३० भाग पाण्याला १ भाग, दहा मिनिटं ओलं ठेवून मग धुवायचं. लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं जमिनीवर सोडू देऊ नका, पार्वोचे विषाणू जागेवर महिनोन् महिने टिकतात.

आणि ज्यांना कुत्र्यांची भीती किंवा अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी आतली टेबलं पूर्ण कुत्राविरहित ठेवा. तसं दारावर ठळक लिहा. त्यांची तक्रारीची पत्रंही आमच्याकडे आली आहेत, आणि ती रास्त आहेत.

आमची दत्तक घेतलेली इंडी (देशी कुत्री), राणी, चार वर्षांची आहे. कॅफेत थरथरते, पण खाऊ दिला की खाते. सवय होईल ना? (वाचक, कल्याणीनगर)

खाऊ कसा घेते ते बघा. घरी अलगद उचलते आणि तिथे बोटांसकट हिसकावते, तर ती खाते आहे पण सुखात नाही. उष्णता नसताना धापा, झोप नसताना जांभया, सारखं नाक चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, शेपूट पोटाखाली : यांतली दोन-तीन एकत्र दिसली तर उठा. सर्वात वाईट म्हणजे दगडासारखं स्थिर होणं. लोक त्याला ‘किती शहाणी आहे’ म्हणतात.

रस्त्यापलीकडून सुरुवात करा, जिथून कॅफे दिसतो पण ती सैल उभी राहते. दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा, दर खेपेला चार-पाच पावलं पुढे. दोनेक महिन्यांत दारापर्यंत पोचली तर उत्तम. नाही पोचली तर आग्रह सोडा. चार वर्षांच्या कुत्रीला अनोळखी गर्दी आवडलीच पाहिजे असं काही नाही. माणसांतही असतातच की लग्नाच्या हॉलमधून जेवून लगेच सटकणारे. दोन कॉफ्या पार्सल घ्या आणि राणीची सतरंजी इमारतीच्या गच्चीवर अंथरा.